लायसन्स सस्पेंड झालंय हे इन्शुरन्सच्या पत्रावरून कळलं, आता गाडीच्या पॉलिसीचं काय करू?

कराडचा_टॅम्पात

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाला राहतो. मी, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. दोन गाड्या आहेत, पॉलिसी एकच, तिच्यावर दोघांची नावं. परवा शुक्रवारी संध्याकाळी टपालपेटीत इन्शुरन्स कंपनीचं पाकीट आलं. नेहमीसारखी गाडीत ठेवायची कार्डं असतील म्हणून उभ्या उभ्याच फोडलं. आत एकच पान. घरातल्या एका चालकाचं लायसन्स सस्पेंड असल्यामुळे ही पॉलिसी २५ फेब्रुवारीला रद्द होत आहे, असं लिहिलेलं आणि खाली माझं नाव.

मला खरंच काही समजेना. मी तर त्याच दिवशी ऑफिसातून गाडी चालवत घरी आलो होतो. मुलाला कराटेला सोडून आलो होतो. फ्लोरिडाच्या मोटार वाहन खात्याच्या साइटवर लायसन्सचा नंबर टाकून फुकटात तपासता येतं, तिथं पाहिलं. खरंच सस्पेंड. कारण: वाहतुकीचा दंड भरला नाही. तारीख नोव्हेंबरमधली. म्हणजे दोन महिने मी रोज वेस्टशोअरला ऑफिसात जाऊन येतोय आणि मला पत्ता नाही.

मग आठवलं. गणपतीत, ३० ऑगस्टच्या शनिवारी, आम्ही एका मित्राकडे आरतीला निघालो होतो. मोदकांचा डबा बायकोच्या मांडीवर, मुलगा मागे. ब्रूस बी. डाउन्स बुलेव्हार्डवर ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर मी ५७ ने होतो. पोलिसाने बाजूला घेतलं, नीट बोलला, तिकीट हातात दिलं. दंड दोनशे डॉलरच्या आसपास, मुदत ३० दिवस. मी ते बायकोकडे दिलं, तिनं समोरच्या कप्प्यात ठेवलं. दोन आठवड्यांनी आम्ही घर बदललं. त्या गडबडीत मला वाटलं तिनं भरलं, तिला वाटलं मी भरलं. पोस्टात नवीन पत्ता कळवला होता, पण लायसन्सवरचा पत्ता बदलायचा राहिला, त्यामुळे खात्याची पत्रं जुन्या घरीच गेली. शुक्रवारी रात्री टॉर्च घेऊन गाडीत शोधलं तर तिकीट आरतीसंग्रहाच्या पानांत घडी करून ठेवलेलं सापडलं. 'घालीन लोटांगण'च्या पानावर.

शनिवारपासून मी गाडीला हात लावलेला नाही. बायको चालवते, पण तिला हायवेची भीती वाटते, त्यामुळे मी उबरने जातोय. जायला पस्तीस, यायला पस्तीस डॉलर.

प्रश्न असे. दंड भरून लायसन्स सुरू करून घेतलं तर पॉलिसी रद्द करायचं कंपनी थांबवेल का? एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की एसआर-२२ नावाचा कागद लागतो आणि मग हप्ता दुप्पट होतो, हे खरं का? दुसरा म्हणाला, पॉलिसी नुसती बायकोच्या नावावर घे आणि तुझं नाव काढून टाक. हे करावं का? आणि दोन महिने नकळत गाडी चालवली त्याचं काय? मी एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहे. झोप लागत नाहीये.

जॅक्सनव्हिलची_ताई

दादा, आधी पाणी प्या. तुम्ही ज्या जागी उभे आहात तिथं मी २०२१ मध्ये उभी होते, ह्याच फ्लोरिडात. मी जे चुकले ते तुम्ही करू नका, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याला तुम्ही सस्पेंड म्हणताय त्याला इथं कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसात डी-६ म्हणतात. वेगाने चालवलं म्हणून लायसन्स गेलेलं नाही. ३० दिवसांत तुम्ही दंडही भरला नाही, वाहतूक नियमांची शाळाही निवडली नाही, कोर्टाची तारीखही मागितली नाही, म्हणून क्लार्कने खात्याला कळवलं आणि खात्याने लायसन्स अडवलं. त्याला मुदत नसते. तीन महिन्यांनी आपोआप सुटेल असं समजून काही लोक बसून राहतात. ते सुटत नाही. दंड आणि उशिराचं शुल्क क्लार्ककडे भरायचं, मग ६० डॉलर लायसन्स पुन्हा सुरू करण्याचे. हे साठ डॉलर वेगळे असतात हे नीट लक्षात ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने दंड भरला, पावती घेतली, आणि झालं समजून गाडी काढली. लायसन्स अजून बंदच होतं.

एकदम भरायला पैसे नसतील तर क्लार्क हप्ते बांधून देतात, आणि हप्त्याचा करार झाला की डी-६ उठवता येतो. तुमचं प्रकरण वसुलीवाल्यांकडे गेलेलं असेल तर त्यांचं कमिशन वर चढतं, कायद्याने ४० टक्क्यांपर्यंत. वर्षातून एकदा बऱ्याच काउंट्यांमध्ये ऑपरेशन ग्रीन लाइट असतं, तेव्हा हे कमिशन सोडतात. पण तुम्ही त्याची वाट बघू नका. तुमच्या डोक्यावर २५ फेब्रुवारी आहे.

आता माझं. आमचे हे तेव्हा सासूबाईंच्या आजारपणासाठी नाशिकला गेले होते, घरात एकच पगार. स्टॉपच्या पाटीला मी गाडी पूर्ण थांबवली नाही म्हणून तिकीट मिळालं होतं, ते भरायला जमलं नाही. लायसन्स सस्पेंड झाल्याचं पत्र मला वेळेवर मिळालं, आणि मी प्रामाणिकपणे गाडी बंद केली. अंगणात उभी. मग मनात आलं, गाडी चालवतच नाही तर महिन्याला हप्ता कशाला? मी फोन करून इन्शुरन्स बंद केला. फोनवरच्या मुलीने एका शब्दाने विचारलं नाही की नंबर प्लेट परत केली का.

दादा, फ्लोरिडात गाडीला प्लेट आहे तोवर इन्शुरन्स असलाच पाहिजे. गाडी अंगणात धूळ खात असली तरी. दहा हजारांचं पीआयपी (अपघातात आपल्याच उपचारांसाठी) आणि दहा हजारांचं प्रॉपर्टी डॅमेज (दुसऱ्याच्या गाडी-मालमत्तेच्या नुकसानीसाठी), एवढं किमान. पॉलिसी बंद झाली की कंपनी राज्याला कळवते. महिन्याभरात दुसरं पत्र आलं: इन्शुरन्स नाही म्हणून लायसन्स सस्पेंड, आणि आता गाडीचं रजिस्ट्रेशनही सस्पेंड. त्याचे १५० डॉलर. तीन वर्षांत पुन्हा झालं तर २५०, मग ५००. दोनशे डॉलरच्या तिकिटापायी मी दीडशेचं नवं दुखणं घेतलं. त्याहून वाईट पुढे झालं. नवीन पॉलिसी घ्यायला गेले तर प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, मागच्या सहा महिन्यांत सलग इन्शुरन्स होता का? नव्हता. लायसन्स सस्पेंड होतं त्याहीपेक्षा ह्या खंडाने माझा हप्ता जास्त चढवला.

म्हणून माझं एकच कळवळून सांगणं आहे: २५ तारखेच्या आत एक दिवसही बिनपॉलिसीचा जाऊ देऊ नका. ही रद्द झालीच तर दुसरी त्याच मिनिटाला सुरू झालेली असली पाहिजे.

एसआर-२२ चं ऐकू नका. तुमचा इन्शुरन्स चालू आहे असं कंपनीने राज्याला द्यायचं ते प्रमाणपत्र. मला एका एजंटने तो गळ्यात बांधला होता आणि मी जवळजवळ वर्षभर त्याचे पैसे भरले. नुसता दंड थकला म्हणून झालेल्या सस्पेंशनला फ्लोरिडात एसआर-२२ लागत नाही. इन्शुरन्सशिवाय अपघात केला वगैरे प्रकरणांत लागतो. दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी तर इथं एफआर-४४ म्हणून वेगळाच कागद आहे. एजंट मागेलच, तर खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा की माझ्या रेकॉर्डवर तो मागितलेला आहे का. तिथं नसेल तर घ्यायचा नाही.

आणि आजच लायसन्सवरचा पत्ता बदला. घर बदलल्यापासून ३० दिवसांत बदलावा असा कायदाच आहे.

अंडररायटिंगवाला

मी वाहन इन्शुरन्सच्या अंडररायटिंगमध्ये, म्हणजे पॉलिसी द्यायची का आणि किती हप्त्याला हे ठरवण्याच्या कामात, अकरा वर्षं आहे, त्यातली चार वर्षं फ्लोरिडाच्या पॉलिसी बघतोय. ताईंनी बहुतेक सगळं बरोबर लिहिलंय. काही गोष्टी जोडतो.

पॉलिसी रद्द करण्याबद्दल: ६० दिवसांहून जुनी पॉलिसी फ्लोरिडात कंपनीला मनाला येईल तशी मध्येच तोडता येत नाही. तीन मुख्य कारणं आहेत: हप्ता भरला नाही, अर्जात खोटं लिहिलं, किंवा पॉलिसीधारकाचं अथवा घरातल्या नेहमी चालवणाऱ्या माणसाचं लायसन्स पॉलिसीच्या काळात किंवा ती सुरू होण्याआधीच्या १८० दिवसांत सस्पेंड होतं. शेवटच्या कारणासाठी ४५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती तुम्हाला मिळाली आहे. आता ह्यातला बारकावा बघा. कायद्याचे शब्द 'सस्पेंड होतं' असे आहेत. तुम्ही उद्या लायसन्स सुरू करून घेतलं तरी कंपनीचा हक्क जात नाही. ऐकायचं की नाही हे कंपनीच्या हातात. पण अनुभव सांगतो, दंड थकून झालेलं सस्पेंशन आणि दारू पिऊन झालेलं सस्पेंशन ह्यांत आम्ही फरक करतो. जुना ग्राहक, अपघात नाही, लायसन्स पुन्हा वैध झाल्याचा कागद हातात, अशी फाइल आली की बऱ्याचदा नोटीस मागे घेतली जाते. फक्त ती मागे घेतल्याचं लेखी घ्या. फोनवरच्या 'काळजी करू नका'वर २५ तारीख काढू नका.

बायकोच्या नावावर पॉलिसी करून तुमचं नाव वगळण्याबद्दल: घरातला प्रत्येक चालक सांगावाच लागतो. तुम्ही एकाच छताखाली राहता, तुम्हाला लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे अर्जात खोटं. दाव्याच्या वेळी हे सापडतं, आणि मग कंपनी पॉलिसी पहिल्या दिवसापासून नव्हतीच असं म्हणू शकते. तुम्हाला उघडपणे 'एक्सक्लुडेड ड्रायव्हर' (पॉलिसीतून वगळलेला चालक) म्हणून टाकता येतं का ते कंपनीला विचारू शकता, पण तसं केलं आणि मुलाला ताप आला म्हणून तुम्ही एका रात्री गाडी काढली, तर त्या रात्री गाडीवर काहीही नाही. लायसन्स आठवड्यात सुटणार असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तसंच, नवीन अर्जात 'गेल्या काही वर्षांत लायसन्स सस्पेंड झालं होतं का?' असा प्रश्न असतो. एखादा एजंट म्हणेल 'नाही' टिक करा, कुणी बघत नाही. आम्ही बघतो. ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवायला आम्हाला काही सेकंद लागतात.

एका ठिकाणी मात्र माझं ताईंपेक्षा वेगळं मत आहे. ताबडतोब भरण्याआधी एखाद्या ट्रॅफिक वकिलाला एक फोन करा. नुसता दंड भरलात की गुन्हा कबूल, ड्रायव्हिंग रेकॉर्डवर दोषाचे तीन पॉइंट लागतात, आणि ते हप्त्यात पुढची तीन वर्षं तरी दिसतात. पहिल्या ३० दिवसांत तुम्ही चार तासांची शाळा घेतली असती तर पॉइंट लागले नसते. ती मुदत गेली. वकील कधीकधी डी-६ बाजूला ठेवायला लावून प्रकरण पुन्हा न्यायाधीशापुढे नेतात आणि दोषी न ठरवता दंडावर मिटवतात. मिळालं तर हप्त्यात ह्याचा खरा फायदा आहे.

जॅक्सनव्हिलची_ताई

तुमचं म्हणणं बरोबर आहे दादा, पण वकिलाच्या अर्जाला कोर्टात आठवडे लागतात आणि तोवर ह्यांचं लायसन्स बंदच राहतं. ह्यांना ऑफिस आहे, मुलाची शाळा आहे, आणि पॉलिसीची तारीख पुढं सरकणार नाही. तीन पॉइंटांपेक्षा रद्द झालेली पॉलिसी जड जाते हे तुम्हीही मान्य कराल.

अंडररायटिंगवाला

हो, ते मान्य. 'तुमची पॉलिसी कधी कंपनीने रद्द केली होती का' हा प्रश्न जवळपास प्रत्येक अर्जात असतो. म्हणून म्हटलं एक फोन. वकिलाने दहा दिवसांत होईल म्हटलं तर थांबा, नाहीतर भरून टाका.

व्हर्जिनियाकर

इतर राज्यांतल्या वाचकांनी वरचे आकडे तसेच धरू नयेत. आमच्या व्हर्जिनियात न भरलेल्या कोर्टाच्या दंडासाठी लायसन्स सस्पेंड करणं १ जुलै २०२० पासून बंद झालंय. कॅलिफोर्नियानेही दंड थकला म्हणून सस्पेंड करणं २०१७ मध्ये सोडलं. टेक्सासात बऱ्याच ठिकाणी लायसन्सचं नूतनीकरण अडवतात, म्हणजे संपेपर्यंत तुम्हाला कळतच नाही.

पण दुसऱ्या राज्यातलं तिकीट सोडून देऊ नका. बहुतेक राज्यांचा आपसांत करार आहे. माझ्या भावाने जॉर्जियात मिळालेलं तिकीट 'आपण कुठं परत जाणार तिकडं' म्हणून टाकून दिलं होतं, आणि लायसन्स गेलं ते घरच्या राज्यातलं.

एच-१बी चं: साधं वेगाचं तिकीट ही अटक नव्हे. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटक किंवा शिक्षा झाली होती का, असं विचारतात. फ्लोरिडात लायसन्स सस्पेंड असल्याचं माहीत असून गाडी चालवणं मात्र फौजदारी गुन्हा आहे, पहिल्यांदा ६० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड. माहीत नसताना चालवलं तर ते साधं वाहतूक उल्लंघन. तुमच्यासारख्या, दंड न भरल्याच्या सस्पेंशनमध्ये, खात्याच्या रेकॉर्डवर नोंद आहे एवढ्यावरून तुम्हाला माहीत होतं असं गृहीत धरत नाहीत, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. पण शुक्रवारच्या पत्रानंतर तुम्हाला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायलाही गाडी काढू नका.

कोथरूडकर

विषय अमेरिकेचा आहे, पण इथले लोक वाचत असतात म्हणून थोडं पुण्याचं. आपल्याकडे लोक ई-चलन साचू देतात, लोक अदालतीत कमी होईल म्हणून. ते एक वेळ ठीक. पण आरटीओने लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं की गंमत संपली. माझ्या मेव्हण्याचं असं झालं आणि तो तसाच गाडी चालवत राहिला, सिंहगड रोडला एका दुचाकीला धक्का लागला. आपल्या पॉलिसीत वाक्यच आहे, चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवं आणि तो लायसन्स बाळगायला अपात्र ठरवलेला नसावा. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनीने नाकारला. दुचाकीवाल्याची भरपाई कंपनीकडून आधी द्यायला लावून नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करायची, असा मार्ग न्यायाधिकरणं वापरतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाचा त्याला आधार आहे. म्हणजे शेवटी पैसे मेव्हण्याच्याच खिशातून. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो ना, त्यालाही वैध लायसन्स लागतं. आणि अपात्र असताना गाडी चालवली म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

कराडचे दादा, उन्हाळ्यात गावी येणार असाल आणि इंटरनॅशनल परमिटवर वडिलांची गाडी चालवत असाल, तर तो परमिट मूळ लायसन्सच्या जिवावर चालतो. मूळ बंद असताना तो हातात असून नसल्यासारखा. भारतीय लायसन्स अजून चालू असेल तर ते बघा.

कराडचा_टॅम्पात

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहितो. पुढं कुणाला उपयोग होईल.

वकिलाला फोन केला. चांगला माणूस, फी घ्यायच्या आधीच म्हणाला, न्यायाधीशापुढं जायला पाच-सहा आठवडे लागतील आणि तोवर लायसन्स सुरू होईल याची खात्री देत नाही. मी बायकोशी बोललो. तिचं म्हणणं पडलं, तीन पॉइंट लागले तर लागू देत, पण तू रोज उबरमध्ये आणि मी मुलाला घेऊन आय-७५ हायवेवर, हे दोन महिने नको. त्याच रात्री क्लार्कच्या साइटवर उशिराच्या शुल्कासकट पैसे भरले. वसुलीवाल्यांकडे गेलेलं नव्हतं, नशीब.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसात नेलं. आपल्याकडे टॅक्स कलेक्टर म्हटलं की मालमत्ता कर डोळ्यांपुढं येतो, पण इथं लायसन्सचं काम त्यांच्याकडेच असतं. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला, पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. क्लार्ककडून डी-६ उठल्याची नोंद आली होती, पण खाली साठ डॉलरची ओळ तशीच होती. ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी पावती दाखवून घरी आलो असतो. साठ भरले, पत्ता बदलला, नव्या पत्त्याचं लायसन्स तिथंच हातात मिळालं. मी त्यांना विचारलं, माझ्या रेकॉर्डवर एसआर-२२ मागितलाय का? त्या म्हणाल्या, नाही, तुमच्या प्रकरणात त्याचा संबंधच नाही. लायसन्स वैध असल्याचा माझ्या ड्रायव्हिंग रेकॉर्डचा छापील उतारा पैसे भरून घेतला.

पार्किंगमध्ये आल्यावर बायकोने किल्ली माझ्या हातात दिली. मी काही वेळ नुसताच बसून राहिलो.

इन्शुरन्स कंपनीला मी तीन गोष्टी एकत्र पाठवल्या: क्लार्कची पावती, साठ डॉलरची पावती, रेकॉर्डचा उतारा. सोबत चार ओळींचं पत्र, की तिकीट मिळालं होतं, घर बदललं, पत्ता बदलायचा राहिला, सस्पेंशनची माहिती मला तुमच्याच पत्राने मिळाली, त्या दिवसापासून लायसन्स सुरू होईपर्यंत गाडी चालवली नाही. पहिल्या फोनला बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, काही करायची गरज नाही. मी म्हटलं, लेखी हवंय. त्यांनी दुसऱ्या विभागाकडे दिलं, तिथून तिसऱ्याकडे. आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मध्ये जीव राहिना म्हणून एका एजंटकडे २५ फेब्रुवारीपासून सुरू होणारी दुसरी पॉलिसीही तयार ठेवली, फक्त सही आणि पहिला हप्ता बाकी ठेवून. तो एजंट सस्पेंशनच्या प्रश्नावर म्हणालाच, 'नाही' लिहू या. मी 'हो' लिहायला लावलं. सहा महिन्यांचे २,६४० डॉलर सांगितले, आम्ही आत्ता १,९१० भरतो.

काल नवव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, रद्द करण्याची नोटीस मागे घेतली आहे. सोबत एक ओळ अशी की १८ एप्रिलच्या नूतनीकरणाला ड्रायव्हिंग रेकॉर्ड पुन्हा बघून हप्ता ठरेल. वाढणार हे धरून चाललोय. दुसऱ्या एजंटला फोन करून नको म्हणून कळवलं.

कोथरूडकर, मे महिन्यात वडिलांच्या पंचाहत्तरीला कराडला येतोय. माझं भारतीय लायसन्स गेल्या वर्षीच संपलंय, म्हणजे परमिटच काढावा लागेल. वडिलांच्या गाडीची पॉलिसीही बाहेर काढायला सांगितली आहे, त्यात वैध लायसन्सचं ते वाक्य नेमकं कसं लिहिलंय ते मला फोनवर वाचून दाखवणार आहेत.

अंडररायटिंगवाले दादा, एक शेवटचं. एप्रिलच्या नूतनीकरणाआधी दुसरीकडे दर विचारून ठेवावेत का, की पॉइंट तीन आणि सस्पेंशन एक, हे सगळीकडे सारखंच दिसणार म्हणून इथंच थांबावं?

अंडररायटिंगवाला

जरूर विचारा, साधारण ३० दिवस आधी. रेकॉर्ड सगळ्यांना तेच दिसतं, पण त्याला किती वजन द्यायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काहींच्या तक्त्यात दंड थकून झालेलं आणि लगेच सुटलेलं सस्पेंशन तीन पॉइंटांपेक्षाही हलकं धरतात. त्यासाठी ते कशामुळे झालं होतं हे समोरच्याला कळावं लागतं, म्हणून तीनही कागद पुन्हा जोडा. आणि सध्याची पॉलिसी नवीन सुरू होण्याच्या मिनिटापर्यंत बंद करू नका.

जॅक्सनव्हिलची_ताई

वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा. वडिलांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा सांगा. आणि ते तिकीट आरतीसंग्रहातून काढून पावत्यांबरोबर फाइलला लावा, एप्रिलमध्ये त्यावरचा नंबर लागेल.